फर्स्ट क्लासचे ताट आणि पेला : एका नाशिककराचा अभिप्राय

विमानातील फर्स्ट क्लासच्या जेवणाविषयी मराठीत जे काही वाचायला मिळते, त्यात बहुतेक वेळा ताटांची छायाचित्रे आणि शॅम्पेनच्या बाटलीवरचे नाव एवढेच असते. ते अन्न चवीला कसे होते, गरम होते की कोमट, याबद्दल क्वचितच कोणी लिहितो. द्राक्षनिर्यातीच्या कामासाठी मला नाशिकहून मुंबईमार्गे नेदरलँड्सला जावे लागते आणि साठलेल्या माइल्सच्या (म्हणजे विमानप्रवासावर मिळणाऱ्या गुणांच्या) जोरावर अधूनमधून पुढच्या केबिनमध्ये बसण्याचा योग येतो. स्वतःच्या खिशातून काही लाख रुपये मोजून या वर्गाचे तिकीट मी काढले नसते, हे आधीच सांगून टाकतो. पुढे ज्या जेवणाबद्दल तक्रार आहे ते एका मोठ्या परदेशी कंपनीच्या विमानातील असून तिचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यातला बराच दोष उंचीचा आहे आणि तो कोणत्याही कंपनीच्या वाट्याला येतो.

माझे मत असे की, मेन्यूकार्डावर सर्वांत ठळक अक्षरांत छापलेले भाजलेले मांस आणि मासे या वर्गात सर्वांत निराश करतात. आणि ज्यांच्याकडे आपण ‘हे तर घरीही मिळते’ म्हणून पाहत नाही, त्या डाळी आणि रस्सेच तेथे खरी बाजी मारतात.

यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय कोणत्याही कंपनीला गुण देणे अन्यायाचे होईल. उडत्या विमानात केबिनमधील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. कळसूबाईचे शिखर सुमारे 5,400 फूट आहे. म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच जागेपेक्षाही वर बसून आपण जेवत असतो. हवेतील आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली असते, त्यामुळे नाक कोरडे पडते, आणि नाकाला वास लागला नाही की जिभेला पदार्थाची अर्धीअधिक ओळखच पटत नाही. जर्मनीतील फ्राउनहोफर संशोधन संस्थेने लुफ्तान्सा या विमान कंपनीसाठी कमी दाबाच्या केबिनमध्ये चाचण्या घेतल्या, त्यांचे निष्कर्ष 2010 च्या सुमारास प्रसिद्ध झाले. मीठ वीस ते तीस टक्के आणि साखर पंधरा ते वीस टक्के कमी जाणवते, असे त्यांत आढळले. इंजिनाचा अखंड घोषही यात भर घालतो. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिले की, साधारण 85 डेसिबलच्या आवाजात गोड चव मंदावते, तर उमामी, म्हणजे टोमॅटो, मशरूम, मुरवलेले चीज यांतील ती भरीव, खमंग चव, उलट अधिक उठून येते. जमिनीवर टोमॅटोच्या रसाकडे ढुंकूनही न पाहणारे प्रवासी विमानात तो आवर्जून का मागतात, याचा उलगडा यात आहे.

दुसरी अडचण स्वयंपाकघराची. फर्स्ट क्लासमध्ये अन्न ताजे शिजते असा अनेकांचा समज असतो, तो बहुतांशी खरा नाही. सर्व वर्गांचे जवळजवळ सारे अन्न जमिनीवरच्या मोठ्या स्वयंपाकघरांत तयार होते, झपाट्याने थंड केले जाते, गाड्यांतून विमानात चढते आणि वर गेल्यावर गरम हवेच्या किंवा वाफेच्या ओव्हनमध्ये पुन्हा तापवले जाते. विमानात उघडी ज्योत नसते, म्हणून फोडणी, परतणे आणि तव्यावरून ताटात हा प्रकार सहसा नसतोच. अबू धाबीच्या एतिहाद विमान कंपनीने काही काळ फर्स्ट क्लासमध्ये चक्क शेफ नेमले होते, पण त्यांच्याही हाताशी चूल नव्हती. मागच्या वर्गाच्या तुलनेत येथे फरक पडतो तो कच्च्या मालाच्या दर्जात आणि वाढण्यात. फॉइलच्या डबीऐवजी चिनी मातीची ताटली येते, पदार्थ एकामागून एक येतात, आणि ओव्हनमधून काढलेले अन्न कर्मचारी हाताने मांडून देतात.

ही मांडणी सुंदर असते, यात वाद नाही. मी मागवलेल्या लॅम्ब चॉपच्या ताटलीत हाडांची टोके एका दिशेला वळवून ठेवली होती, वर रोझमेरीची काडी होती आणि सॉस वेगळ्या छोट्या किटलीतून समोर ओतण्यात आला. सुरी लावली तेव्हा मात्र आतला गुलाबीपणा केव्हाच गेलेला दिसला. मांस सर्वत्र एकसारखे करडे होते, आणि कडेचा भाग चावताना दोरा दाताखाली यावा तसा लागत होता. यात कोणी हलगर्जीपणा केला असेल असे मला वाटत नाही. एकदा अर्धवट शिजवून थंड केलेले मांस कोरड्या गरम हवेत पुन्हा तापवले की त्यातील पाणी निघून जाणारच. सॅमन माशाचीही तीच गत होती. आमलेटबद्दल तर लिहिण्यासारखे काही नाही.

पोळीचे दुःख मात्र वेगळे आहे. फर्स्ट क्लासमध्ये भारतीय जेवणाबरोबर येणारा पराठा किंवा रोटी फॉइलमध्ये गुंडाळून तापवतात. कडा पापडासारख्या होतात आणि मधला भाग ओलसर राहतो. शेजारी पिंपळगावचे एक व्यावसायिक स्नेही बसले होते, त्यांनी एक तुकडा मोडून पाहिला आणि म्हणाले, “राहू द्या दादा, भातच घेऊ.” तो सल्ला मी आजतागायत पाळतो.

आता जे जमून आले त्याविषयी. काळ्या उडदाची डाळ, राजमा, कोरमा, बिर्याणी या पदार्थांना पुन्हा गरम होण्याचे भय नसते. किंबहुना रात्रभर मुरलेली डाळ दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते, हे आपल्या घरात सर्वांना ठाऊक आहे. रश्शातील पाणी आणि तूप अन्नाला कोरडे पडू देत नाही, आणि मिरी, जिरे, लवंग, आमसूल यांची धार उंचीवर बोथट झालेल्या जिभेपर्यंतही पोहोचते. मुंबईहून निघालेल्या विमानात मिळालेली काळी डाळ आणि जिरे-भात एखाद्या चांगल्या हॉटेलच्या तोडीचा होता, आणि असे लॅम्ब चॉपबद्दल मला कुठल्याही विमानात म्हणता आलेले नाही. तिखटाच्या बाबतीत मात्र नाशिककराने अपेक्षा बेताची ठेवावी. काळ्या मसाल्याची मिसळ खाऊन वाढलेल्या जिभेला ‘स्पायसी’ असे लिहिलेला पदार्थ तेथे मध्यम म्हणावा असाच लागतो.

थंड पदार्थांनाही ओव्हनचा फटका बसत नाही. हमस, मुतब्बल, ऑलिव्ह आणि फत्तूश असे अरबी मेझे, म्हणजे जेवणाआधीचे छोटे थंड पदार्थ, जवळजवळ जमिनीवरच्यासारखेच लागतात. कॅव्हिअरचा, म्हणजे माशाच्या खारवलेल्या अंड्यांचा, या वर्गात जो बडेजाव असतो, त्याकडे मी आधी संशयाने पाहत होतो. बर्फावर ठेवलेली छोटी डबी, सोबत धातूचा स्पर्श चवीला लागू नये म्हणून शिंपल्याचा चमचा, चिमूटभर बारीक चिरलेला कांदा, उकडलेल्या अंड्याचा पांढरा आणि पिवळा भाग वेगवेगळा किसलेला, आंबट साय आणि लहान धिरडी असा हा सगळा सरंजाम असतो. (लासलगावच्या बाजारात ट्रॉल्यांनी कांदा उतरताना पाहिलेल्या माणसाला त्या चिमूटभर कांद्याची मौज वाटतेच.) पण कॅव्हिअर हा मुळात खारट आणि उमामीने भरलेला पदार्थ आहे. उंचीवर मीठ कमी जाणवते म्हणून तो तेथे उग्र न लागता गोलाईने लागतो, आणि शिजवण्याचा प्रश्नच येत नाही. या वर्गात दिला जाणारा सर्वांत महाग पदार्थ परिस्थितीला सर्वांत अनुरूपही ठरावा, हा योगायोग मला आवडला.

आगाऊ मागणीची सोय असेल तर ती जरूर वापरावी. सिंगापूर एअरलाइन्सची ‘बुक द कुक’ ही सेवा 1998 पासून चालू आहे. प्रवासाच्या किमान 24 तास आधी मुख्य पदार्थ निवडून ठेवता येतो, आणि कंपनीच्या सल्लागार शेफ मंडळात आपल्या संजीव कपूर यांनीही काम केले आहे. यात खरा लाभ असा की, तुमच्यासाठी मोजून ठेवलेला पदार्थ संपत नाही. विमानात बसून कार्ड वाचल्यावर ‘क्षमा करा, तो पदार्थ शिल्लक नाही’ हे वाक्य फर्स्ट क्लासमध्येही ऐकावे लागते, आणि एवढ्या किमतीच्या आसनावर बसून ऐकताना ते अधिकच बोचते.

शाकाहारी वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण गोंधळ येथेच होतो. आरक्षणात ‘हिंदू मील’ असा जो पर्याय असतो तो सामान्यतः मांसाहारी असतो; त्यात गोमांस नसते, एवढाच त्याचा अर्थ. भारतीय पद्धतीचे शाकाहारी जेवण हवे असेल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ म्हणजे एव्हीएमएल, आणि कांदा-लसूण-कंदमुळे वर्ज्य असतील तर ‘जैन’ म्हणजे व्हीजेएमएल हा संकेत निवडावा. नुसते ‘व्हेजिटेरियन’ निवडले तर पाश्चात्त्य पद्धतीच्या उकडलेल्या भाज्या पुढ्यात येण्याची शक्यता बरीच असते. मात्र फर्स्ट क्लासच्या मूळ मेन्यूत एखादा चांगला भारतीय शाकाहारी पदार्थ असेल तर विशेष जेवण मागवू नये असे मी म्हणेन, कारण विशेष जेवण बऱ्याचदा खालच्या वर्गांसाठीही त्याच साच्यात बनते आणि मग वाढणीचा थाट तेवढा वेगळा उरतो.

पेयांकडे वळताना नाशिककर म्हणून माझा हात थोडा सैल सुटेल. एमिरेट्सच्या फर्स्ट क्लासमध्ये डॉम पेरिन्यों, सिंगापूर एअरलाइन्समध्ये क्रुग अशी नावे ऐकून माणूस दबून जातो. या दोन्ही शॅम्पेन ज्या फ्रेंच समूहाच्या आहेत, त्याच समूहाची शांदों ही वायनरी आपल्या दिंडोरी तालुक्यात आहे आणि 2013 पासून नाशिकच्या द्राक्षांची फेसाळ वाइन विकते, ही गोष्ट विमानात शेजाऱ्याला सांगण्याचा मोह मला आवरत नाही. शॅम्पेन वर चांगली लागते, पण जमिनीवर लागते तेवढी नव्हे. कमी दाबामुळे बुडबुडे भराभर निघून जातात आणि कोरड्या नाकाला तिच्यातील भाजलेल्या पावाचा, सफरचंदाचा सुगंध निम्माच पोहोचतो. त्यामुळे पहिला पेला विमान जमिनीवर उभे असतानाच घ्यावा. त्या काही मिनिटांतच तिची खरी चव मिळते, आणि मागितल्यास बहुतेक कंपन्या आनंदाने देतात. काही ठिकाणी स्थानिक कर-नियमांमुळे जमिनीवर वेगळी बाटली उघडतात, तेवढे विचारून घ्यावे.

रेड वाइनच्या बाबतीत कंपन्यांचा मोह मला कळत नाही. फ्रान्समधील बोर्दोची नामांकित, टॅनिनने (तुरटपणा देणाऱ्या द्रव्याने) भरलेली वाइन यादीत असली की यादी भारदस्त दिसते, पण वर तिची फळाची चव दबते आणि तुरटपणा तेवढा पुढे येतो. जिभेवर कच्च्या जांभळाचा थर बसल्यासारखे वाटते. पिनो न्वारसारखी हलकी, फळदार वाइन अशा ठिकाणी कितीतरी सुखाची. पांढऱ्यात किंचित गोडसर, पिकल्या फळाची वाइन उत्तम. नाशिकच्या उशिरा तोडणीच्या शेनिन ब्लाँकचा एक पेला गुलाबजामबरोबर वर देऊन पाहावा असे मला फार वाटते, आणि यात निव्वळ गावाचा अभिमान नाही. उंचीवर गोडवा मंदावतो, त्यामुळे जमिनीवर जी वाइन थोडी अधिक गोड वाटते तीच तेथे समतोल लागेल. देशांतर्गत उड्डाणांत मद्य देतच नाहीत, त्यामुळे हा प्रयोग परदेशी मार्गांवरच होऊ शकतो.

चहा हे या वर्गाचे सर्वांत दुबळे अंग आहे. केबिनच्या दाबाला पाणी साधारण 92 ते 94 अंशांना उकळते, त्यामुळे काळा चहा नीट उतरत नाही. आणि दूध, आले घालून उकळलेला आपला चहा तर ज्योतीवाचून शक्यच नाही. रुप्यासारख्या लखलखीत किटलीतून जे येते ते पाहायला सुंदर आणि प्यायला पाणचट असते. ही तक्रार जुनी आहे. जे. आर. डी. टाटा एअर इंडियाचे प्रमुख असताना विमानातील बारीकसारीक गोष्टींवर टिपणे पाठवत, आणि त्यांतील एका टिपणात विमानातील चहाचा रंग कॉफीपासून वेगळा ओळखता येत नाही असा शेरा आहे.  तेव्हापासून कॉफी बरीच सुधारली आहे, चहा मात्र तिथेच आहे. मी आता लिंबू आणि मध घातलेले गरम पाणी मागतो.

शेवटी प्रश्न उरतो तो माइल्स कुठे खर्च करावेत याचा. मुंबई ते आखात हा तीनेक तासांचा टप्पा बहुधा पहाटे असतो. नाशिकहून कसारा घाट उतरून, वाटेत एखाद्या ढाब्यावर पोटभर खाऊन विमानतळावर पोहोचलेल्या माणसाला पहाटे चार वाजता पाच वाढींचे जेवण समोर आले तरी त्याचे करायचे काय? या टप्प्यावर फर्स्ट क्लास घेऊ नये. सहा-सात तासांहून लांबच्या टप्प्यावर, जेथे हवे तेव्हा जेवण मागवता येते आणि मध्ये नीट झोप होते, तेथेच या सेवेचे मोल कळते. त्यातही जाताना भारतीय जेवण घ्यावे, कारण ते मुंबईच्या स्वयंपाकघरातून चढलेले असते. परतीच्या विमानात युरोपातून भरलेली ‘करी’ टाळून सूप, चीज आणि पाव यांवर भूक भागवावी. तिकडचे चीज आणि पाव चांगलेच असतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नाशिकला घरी पोहोचेपर्यंत तेवढे पुरते.