फ्लॅशचा झूम: ऑटोवर ठेवावा की हाताने लावावा?

फ्लॅशच्या हेडमध्ये ट्यूब आणि तिचा रिफ्लेक्टर पुढेमागे सरकतात. झूम बदलताना येणारी घर्रर्र ती हीच. ट्यूब समोरच्या खाचेदार भिंगाजवळ आली की प्रकाश पसरतो, मागे गेली की एकवटतो. पॉवर तेवढीच राहते, ती कुठे खर्च करायची एवढंच झूम ठरवतो. झूमचा आकडा लेन्सच्या फोकल लेंग्थसारखा मिलिमीटरमध्ये असतो: लहान आकडा म्हणजे रुंद प्रकाश, मोठा म्हणजे अरुंद. ऑटोवर फ्लॅश हा आकडा लेन्सनुसार स्वतःच लावतो.

फरक मात्र मोठा पडतो. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा; त्याला अंतराने भागलं की लेन्सचं छिद्र किती ठेवायचं तो एफ नंबर मिळतो. कॅनन ५८०ईएक्स टू या फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला मीटरमध्ये २४ मिमीवर २८ आहे आणि १०५ वर ५८. म्हणजे पाच मीटरवरच्या माणसासाठी पूर्ण पॉवरला एकीकडे एफ ५.६ मिळतं, तर दुसरीकडे जवळजवळ एफ ११. हे दोन स्टॉप झाले, म्हणजे चौपट प्रकाश. २४ वर फुल पॉवरने जे काम होतं, तेच १०५ वर पाव पॉवरमध्ये भागतं. फ्लॅश लवकर रिचार्ज होतो आणि सेलही टिकतात.

फ्लॅश कॅमेऱ्यावर असेल आणि हेड सरळ समोर असेल, तर ऑटो झूमला तोड नाही. लग्नात अक्षता पडताना अख्खं स्टेज २४ वर घ्यायचं असतं आणि पुढच्याच क्षणी नवरीचा चेहरा ७० वर. त्या गडबडीत बटणं कोण दाबणार? हाताने लावलेला झूम १०५ वरच राहिला, तर ग्रुप फोटोत मधली माणसं उजळतात आणि कडेचे काका-मामा काळोखात जातात.

क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, थोडं लक्ष द्यावं लागतं. तिथे ५० ची लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५-८० एवढाच भाग पाहते. काही फ्लॅश सेन्सर ओळखून झूम बदलतात. तुमचा ओळखत नसेल तर तो ५० वरच थांबतो आणि प्रकाश फ्रेमबाहेर वाया जातो. अशा वेळी हाताने ७० लावा. थोडा रुंद राहतो, पण कडा सुरक्षित राहतात.

हेड छताकडे वळवलं की ऑटोचा आधार सुटतो, कारण लेन्स कुठे पाहते याचा छतावर पडणाऱ्या प्रकाशाशी संबंधच उरत नाही. कॅननचा हा फ्लॅश तेव्हा ५० धरून बसतो. घरातल्या नऊ-दहा फुटी छताला मी २४ ते ३५ लावतो. छताचा मोठा भाग उजळतो आणि सावल्या मऊ पडतात. मंगल कार्यालयाच्या उंच छताला मात्र १०५ लावावा, नाहीतर प्रकाश वर जाईपर्यंतच विरतो.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून स्टँडवर लावला, तर मी ठामपणे मॅन्युअलच सांगेन. अंब्रेलात (प्रकाश मऊ करणाऱ्या छत्रीत) १०५ वर मारलात, तर कापडाचा फक्त मधला ठिपका पेटतो आणि मोठी अंब्रेला घेतल्याचा फायदाच जातो. २४ किंवा ३५ लावून कापड काठापर्यंत भरा. याउलट मागून केसांवर प्रकाशाची कड हवी असेल, तर उघडा फ्लॅश १०५ किंवा २०० वर लावा. पॉवर कमी लागते आणि आजूबाजूला सांडतही नाही.

विकत घेताना खोक्यावरचा गाइड नंबर कोणत्या झूमला दिला आहे, ते आधी पाहा. निकॉन एसबी-९१० चा ३४ हा आकडा ३५ मिमीचा आहे. कॅननच्या ५८ शेजारी तो दुबळा वाटतो, पण ३५ मिमीवर कॅननचा आकडाही ३६ च आहे.

समारंभ करणार असाल तर टीटीएल फ्लॅश (कॅमेऱ्याच्या मापनावरून पॉवर आपोआप ठरणारा) घ्या, ऑटो झूम बहुधा त्याच्यासोबत येतो. काम बहुतेक स्टँड आणि अंब्रेलावर असेल, तर गोडॉक्स टीटी६०० सारखा पूर्ण मॅन्युअल फ्लॅश पुरतो. तो लेन्सची फोकल लेंग्थ वाचत नाही, पण २० ते २०० पर्यंतचा झूम हाताने लावता येतो, आणि स्टँडवर तो तसाही हातानेच लावायचा असतो.