दिलासा सेंटरचा अनुभव: बाईला आधी माणूस म्हणून वागवतात

आमच्या शेजारच्या ताईंबरोबर मुंबई पालिकेच्या हॉस्पिटलमधल्या दिलासा सेंटरला गेले होते, घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांना मदत करणारं केंद्र ते. ताई घरकाम करतात, नवऱ्याची मारहाण कित्येक वर्षांची. त्याआधी एका पोलीस चौकीत गेलो तर सगळ्यांसमोर उभं केलं, येईल त्या नव्या साहेबाला पहिल्यापासून सांगायला लावलं आणि वर घरातलं घरात मिटवा म्हणे. त्यानंतर ताई कुणाशी धड बोलेनातच.

दिलासात काउन्सेलर मॅडमनी दार लोटून घेतलं, ही बसलेली चालेल ना असं आधी ताईंना विचारलं, मग म्हणाल्या जेवढं सांगावंसं वाटतंय तेवढंच सांगा. ताई मधेच गप्प झाल्या तर त्याही गप्प बसल्या, घाई नाही काही नाही. "मग इतकी वर्षं राहिलात कशाला" हा प्रश्न एकदाही आला नाही. आज घरी जायला भीती वाटते का हे मात्र नीट विचारलं, आणि त्यावरून ठरवलं की आधार, रेशन कार्डाच्या झेरॉक्स आणि थोडे पैसे माझ्याकडे ठेवायचे, रात्री वाढलंच तर मुलीने फोन कुणाला लावायचा, जायचं कुठे.

आणि नुसतं मन शांत ठेवा छाप काउन्सेलिंग नाही हो. ताईंची खरी धास्ती खोलीची होती, खोली नवऱ्याच्या नावावर. तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात घर कुणाच्याही नावावर असो, बायकोला तिथे राहायचा हक्क आहे हे समजावून सांगितलं, बाईला सरकारतर्फे वकिलाची मदत फुकट मिळते, उत्पन्न कितीही असो, हेही. मार लागल्याची नोंद तिथल्याच डॉक्टरांकडून करून घेतली, पुढे कोर्टात लागली तर. केस करायची की नाही ते ताईंवर सोडलं. मुलीची दहावी होऊ दे असं ताई म्हणाल्या तर मॅडम बरं म्हणाल्या, तोंड वाकडं केलं नाही, फक्त कधीही परत या एवढंच.

आता याला ट्रॉमा-इन्फॉर्म्ड वगैरे म्हणतात, म्हणजे बाईने काय सोसलंय ते ध्यानात ठेवून वागणं, पण आरोग्यावर काम करणारी सेहत संस्था आणि पालिकेने मिळून वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात दिलासा सुरू केलं ते 2000 साली, मग पालिकेच्या इतर हॉस्पिटलांतही झालं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांतही असं पाहिजेच, तिथल्या बायकांनी जायचं कुठे?

पैसे लागत नाहीत. हॉस्पिटलात गेल्यावर नर्सला दिलासा कुठेय एवढं विचारा, कशासाठी ते तिथे सांगत बसू नका.