पी.पी. कॉलवाली बाई परत आली: फोनमधल्या कॉल-चाळणीचा आठ महिन्यांचा अनुभव

१९८२ साली मी बॉम्बे टेलिफोन्समध्ये ऑपरेटर म्हणून लागले. पुढे त्याचं एमटीएनएल झालं, परगावचा फोन थेट लावायची एसटीडी आली, तिने ऑपरेटरने जोडून द्यायच्या ट्रंक कॉलचं काम खाल्लं, मी चौकशीला गेले, तिथून तक्रारीला, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी हजारो जणांबरोबर व्हीआरएस घेऊन घरी बसले. हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की फोनवर आपल्याला कोणी शेंडी लावू शकणार नाही अशी माझी पक्की समजूत होती. आमच्या ह्यांचीही होती, माझ्या जिवावर.

सध्या आम्ही दोघं न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे आहोत. मुलगा सिटिझन आहे, त्याने आमचं ग्रीन कार्ड लावलंय. नुसत्या आय-४८५ अर्जाची फी माणशी १,४४० डॉलर. ती भरली की हातात एक पावती येते, तीन इंग्रजी अक्षरं आणि दहा आकडे, आणि मग नुसतं थांबायचं. आमची पावती देव्हाऱ्याच्या खणात आहे. थांबण्याच्या त्या काळात माणूस फार हळवा होतो. फोन वाजला की पोटात गोळा. ठगांचा धंदा चालतो तो ह्या गोळ्यावर. त्यांना आपल्याबद्दल काही ठाऊक असावं लागत नाही. नंबर फिरवत राहायचे, एडिसनसारख्या गावात कुणाच्या ना कुणाच्या घरात अर्ज पडलेला असतोच.

पहिला फोन ह्यांनी उचलला. पडद्यावर इमिग्रेशन खात्याचंच नाव. पलीकडच्या 'ऑफिसर'ने आधी स्वतःचा बिल्ला नंबर सांगितला, मग 'पडताळणीसाठी' आमचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळख क्रमांक, विचारला. ह्यांनी चष्मा लावून नऊच्या नऊ आकडे वाचून दाखवले. पाच मिनिटांनी त्याने तेच आकडे ह्यांना ऐकवले, तर हे माझ्याकडे वळून म्हणतात, "बघ, त्यांच्याकडे सगळी नोंद आहे!" मी तेव्हा कुकरजवळ होते, लक्ष दिलं नाही, ही माझी चूक. तो म्हणाला, तुमच्या आय-९४ मध्ये, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीत, घोळ आहे, ९०० डॉलर आत्ता भरा नाहीतर डिपोर्ट करू, घरात कुणाला सांगू नका, फोन ठेवू नका. आणि पैसे कसे भरायचे, तर गिफ्ट कार्डं घेऊन मागचे आकडे खरवडून वाचून दाखवायचे. हे चालू फोन शर्टाच्या खिशात घालून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले. गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, "काका, कुणी सांगितलं घ्यायला?" हे म्हणाले, "इमिग्रेशन." तिने कार्डं काउंटरखाली टाकली आणि ह्यांच्या खिशातला फोन काढून बंद केला. तिच्या आईवडिलांना सुखी ठेव रे देवा.

खरं खातं फोनवर पैसे मागतच नाही. फी अर्जासोबत किंवा त्यांच्या साइटवरच्या आपल्या खात्यातून जाते, बोटांच्या ठशांची तारीख टपालाने येते. मुलाने हे आम्हाला दहा वेळा सांगितलं होतं. भीती वाटली की दहाही वेळा पुसल्या जातात.

त्यानंतर मुलाने आम्हा दोघांना नवे फोन आणले, कॉल-चाळणी असलेले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही लिहिणार आहे, आणि ही सोय आता एकाहून जास्त कंपन्यांच्या फोनांत मिळते. सोयीला वेगळे पैसे नाहीत. अनोळखी नंबर आला की घंटा आपल्याकडे वाजायच्या आधी यंत्रातली बाई फोन उचलते, नाव काय, काम काय ते विचारते, आणि पलीकडचा जे बोलेल ते पडद्यावर अक्षरांत उमटतं. आपण वाचायचं आणि ठरवायचं, घ्यायचा की नाही.

पहिल्या दिवशी तिचं बोलणं ऐकून मी हसत सुटले. अहो, ही तर आमची पी.पी. कॉलवाली! तरुण मंडळींना ठाऊक नसेल. ट्रंक कॉल बुक करताना 'पर्टिक्युलर पर्सन' सांगता यायचं. मग आम्ही आधी लाइनवर जाऊन विचारायचो, कोण बोलतंय, अमुक साहेब आहेत का, आणि माणूस खात्रीने आला की मगच जोडून द्यायचो. मध्ये एक बाई बसलेली असायची, हा त्या व्यवस्थेचा मोठा गुण. एसटीडी आल्यावर ती बाई गेली, सगळ्यांना आनंद झाला, आणि तेव्हापासून कोणीही उठून थेट आपल्या कानात शिरू लागला.

चाळणीचं मुख्य काम चोख आहे. ठगांना प्रश्न विचारलेला चालत नाही. नाव-काम विचारलं की बहुतेक जण तीन सेकंदांत फोन ठेवतात. एकाने "ऑफिसर" एवढंच म्हटलं आणि गप्प झाला. एकाने कोर्टाची धमकी यंत्राला दिली. यंत्राने पुन्हा नाव विचारलं.

आता मोठी खोट, आणि ही सोय वापरणाऱ्या प्रत्येकाने नीट वाचावी. तिसऱ्या महिन्यात तसाच फोन थेट माझ्याकडे वाजला. मध्ये बाई नाही, काही नाही. पडद्यावर खात्याचं नाव. कारण शोधलं तेव्हा कपाळावर हात मारला: मुलाने काळजीपोटी खात्याचा हेल्पलाइन नंबर आमच्या फोनांत जतन करून ठेवला होता. जतन केलेला नंबर म्हणजे ओळखीचा, तो चाळणीत पडत नाही. आणि ठग नेमका तोच नंबर पांघरून आला.

नंबर पांघरणं फार सोपं असतं. पाकिटावर 'पाठवणार' म्हणून कोणीही कुणाचाही पत्ता लिहावा तसं इंटरनेटवरून फोन लावणारा आपला नंबर हवा तो भरू शकतो. २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या आपल्या दूतावासाचेच नंबर दाखवून भारतीयांना फोन गेले, तेव्हा दूतावासाला सूचना काढावी लागली होती. अमेरिकेत ३० जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना 'स्टर-शेकन' पद्धत सक्तीची झाली. फोन जिथून निघाला ती कंपनी डिजिटल सही करून हमी देते की हा नंबर ह्याचाच आहे. आमच्या काळी मूळ एक्स्चेंज हमी द्यायचं, तसंच. पण परदेशातून वेशीवर येणाऱ्या फोनाला हमी द्यायची कोणी? तिथे शिक्का मिळतो तो सर्वांत खालच्या दर्जाचा, आणि फोन येतोच.

तो फोन मी उचलला. माणूस काय बोलत होता ते मला नीट आठवत नाही, कारण मी मागचा आवाज ऐकत होते. एका मोठ्या हॉलमध्ये पुष्कळ माणसं एका वेळी, एका सुरात, तीच तीच वाक्यं बोलतायत. हेडसेट लावून ओळीने बसलेल्या माणसांचा तो आवाज मी ट्रंकच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं ऐकलाय. झोपेतही ओळखेन. मी आमच्या भाषेत प्लग काढला.

कुठला हॉल होता, देव जाणे. पण मला मीरा रोड आठवलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर धाड घातली. रात्रभर बसून अमेरिकेतल्या लोकांना इन्कम टॅक्सवाले म्हणून धमकावायचं, हे काम. शेकडो पोरं ताब्यात घेतली होती. त्याच महिन्यात अमेरिकेने अहमदाबादच्या पाच कॉल सेंटरांवर आणि ५६ माणसांवर खटला भरला. त्यांच्यात टॅक्सवाल्यांच्या सोंगाबरोबर इमिग्रेशनवाल्यांचंही सोंग होतं, आणि फसलेली माणसं १५,००० च्या वर. धाडीच्या वेळी मी रोज डोंबिवलीहून लोकलने कामाला जात होते. संध्याकाळी आपल्याबरोबर गाडीत उभं राहणाऱ्या पोरांपैकी कोणी तिकडे तर उतरत नव्हता, असं उगीच मनात यायचं. खरं तर मीरा रोड आमच्या लाइनवर नाहीच.

असो. उपाय सोपा निघाला: सरकारी नंबर फोनातून पुसून टाकले. वकिलाचा जतन केलेला चालतो, कारण आमचा वकील कोण हे ठगाला कुठून ठाऊक? खात्याचा नंबर मात्र साऱ्या जगाला पाठ. वकिलाचा नंबरही आधी नव्हता, तेव्हा त्यांच्या ऑफिसातल्या मुलीने यंत्राचा आवाज ऐकून फोन आपटला होता आणि आमचा एक कागद आठवडाभर अडकला होता.

व्हॉट्सअॅपचे फोन ह्या चाळणीत पडत नाहीत. अमेरिकी सरकारी शिक्क्यातल्या गरुडाचं चित्र लावून तिथे कोणी आला तर तुमचं तुम्ही बघा.

आणि मराठी! बाईला मराठीचा गंध नाही. आमच्या भजनी मंडळातल्या एकींचा नवा नंबर आला, त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "अहो, मी बोलतेय, एकादशीचं विचारायचं होतं." पडद्यावर इंग्रजीत काहीतरी 'एक डॅशी' आणि 'विचार' अशा अर्थाचं खिचडीकाम. हे ओरडले, "घेऊ नको, ठग आहे!" त्या अजून माझ्याशी जपून बोलतात.

दहापैकी साडेसात. एक गुण जतन केलेल्या नंबरच्या भगदाडासाठी कापला, दीड मराठीसाठी. सूनबाई म्हणते पुढच्या अपडेटमध्ये भाषा वाढतील. वाढल्या तर एकादशीवाल्या बाईंनाच आधी फोन करायला सांगेन आणि मग गुण बदलेन.