रोजचे ओट्स: काही महिने खाल्ल्यानंतरचं माझं मत

आधी निकाल सांगून टाकते. रोज सकाळी ओट्स खाणं जमतं, आणि नाक न मुरडता जमतं. मात्र त्यासाठी पाकीट नीट निवडावं लागतं आणि शिजवण्याकडे जरा लक्ष द्यावं लागतं. रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल सीमारेषेच्या थोडं वर आलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की औषधाआधी आहार बदलून पाहू. तिथून हे सुरू झालं. आज रिपोर्ट कसाही आला तरी मी ओट्स सोडणार नाही.

ज्यांना ओट्स आवडत नाहीत, त्यांना खोदून विचारा. तक्रार चवीची क्वचितच असते. ती असते चिकटपणाची, त्या गिळगिळीत लगद्याची. गंमत म्हणजे ज्या घटकासाठी आपण ओट्स खातो, त्याच्याचमुळे ते चिकट होतात. त्याचं नाव बीटा-ग्लुकन, पाण्यात विरघळणारा एक तंतू (फायबर). पाणी मिळालं की तो फुगतो आणि त्याची दाट जेल होते. पोटात गेल्यावरही तेच होतं. ही जेल आतड्यातली पित्ताम्लं (चरबी पचवायला मदत करणारी पित्तातली आम्लं) धरून शरीराबाहेर नेते. मग नवी पित्ताम्लं बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं. म्हणजे चिकटपणा पूर्ण घालवायचा नाही, फक्त तोंडाला कमी जाणवेल असं बघायचं. मला हे कळलं आणि ओट्सशी चाललेलं भांडण बरंचसं मिटलं.

आता प्रकार. बाजारात साधारण तीन मिळतात. स्टील-कट म्हणजे सोललेल्या अख्ख्या दाण्याचे दोन-तीन तुकडे. रोल्ड म्हणजे दाणा वाफवून रुळांखाली चपटा केलेला. इन्स्टंट म्हणजे आणखी पातळ लाटलेला आणि जवळजवळ शिजवूनच आलेला. तंतू तिन्हींत असतो, पण दाणा जितका बारीक आणि पातळ तितका तो पटकन पचतो आणि रक्तातली साखर वेगाने चढते. लगदाही इन्स्टंटचाच सगळ्यात लवकर होतो. ओट्सवर कायमची फुली मारलेल्या बऱ्याच जणांनी फक्त इन्स्टंटच खाल्लेले असतात, असा माझा अंदाज आहे. मी जाड रोल्डवर स्थिरावले. स्टील-कट मला जास्त आवडतात, दाताखाली छान येतात, पण २५-३० मिनिटं गॅससमोर उभं राहणं सुट्टीच्या दिवशीच परवडतं.

शिजवण्याबद्दल जरा सविस्तर, कारण खरा फरक इथे पडतो. ४० ग्रॅम रोल्ड ओट्स, म्हणजे मापाचा अर्धा कप. ते आधी कोरड्या भांड्यात मंद आचेवर भाजायचे, रंग किंचित बदलून खमंग वास येईपर्यंत. दुसऱ्या भांड्यात दुप्पट पाणी, म्हणजे एक कप, खळखळ उकळायचं आणि ओट्स त्यात टाकायचे. गार पाण्यापासून सुरुवात केली तर सगळं एकजीव आणि दाट होतं. उकळत्या पाण्यात टाकले तर पाकळ्या बऱ्याच सुट्या राहतात. चार-पाच मिनिटं पुरतात. या वेळात एक-दोनदाच ढवळायचं, कारण जितकं ढवळाल तितकं ते चिकट होणार. पाणी थोडं दिसत असतानाच गॅस बंद करायचा आणि दोन मिनिटं झाकण ठेवायचं. उरलेलं पाणी ओट्स स्वतःच ओढून घेतात. दूध घालायचं ते यानंतर. दुधातच शिजवलं तर ते तळाला लागतं आणि पाठ वळली की उतू जातं. मायक्रोवेव्हमध्ये करणार असाल तर वाडगा दुप्पट मोठा घ्या, नाहीतर फेस आतल्या तबकडीवर सांडतो आणि पुसायचं काम वाढतं.

आणि मीठ! गोड खाणार असाल तरी चिमूटभर मीठ हवंच. स्कॉटलंडमधल्या कारब्रिज या गावात १९९४ पासून ओट्सची पेज बनवण्याची जागतिक स्पर्धा होते. तिच्या पारंपरिक गटात तीनच गोष्टी वापरायला परवानगी आहे: ओट्स, पाणी आणि मीठ. तेवढ्यावर कोणी जगज्जेता ठरू शकतो म्हटल्यावर मी मधाची बाटली बाजूला ठेवून पाहिली. मीठ पडलं की दाण्याची मूळची खमंग चव वर येते आणि गोडाची गरज आपोआप कमी होते. आता पिकलेलं केळं किंवा किसलेलं सफरचंद मला पुरतं.

न शिजवता, रात्रभर भिजवून खायची पद्धत हल्लीची वाटते, पण ती जुनी आहे. स्विस डॉक्टर बिर्खर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास रुग्णांना दिलेल्या म्यूस्लीत मुख्य भाग कच्च्या सफरचंदाचा होता आणि भिजवलेले ओट्स फक्त चमचाभर. मी दह्यात थोडं दूध घालून त्यात भिजवते आणि काचेची बरणी फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी वरून फळ आणि बदामाचे तुकडे. ते खाताना कुरकुरीत काहीतरी लागतंच, नाहीतर सगळा घास एकसारखा मऊ लागतो आणि अर्ध्यावर कंटाळा येतो. "कच्चे चालतात का?" असं बरेच जण विचारतात. रोल्ड ओट्स कारखान्यातच वाफवलेले असतात, त्यामुळे भिजवून खायला हरकत नाही.

मला खरी गोडी लागली ती तिखटमिठाच्या ओट्सची. कांदा, लसूण आणि मशरूम लोण्यावर परतायचे, शिजलेले ओट्स त्यात मिसळायचे, वर भरपूर मिरपूड आणि एक अर्धकच्चं अंडं. पिवळं बलक फुटून ओट्समध्ये उतरलं की तो चिकटपणा चक्क हवाहवासा वाटतो. गोड ओट्स नाश्त्याला ठीक आहेत, हे मी रात्रीच्या जेवणालाही खाते.

"ओट्सने पोट भरत नाही" ही तक्रार अर्धीच खरी आहे. ४० ग्रॅममध्ये साधारण दीडशे कॅलरी, पाच ग्रॅम प्रथिनं आणि चार ग्रॅम तंतू. नुसत्या पाण्यातले एवढेच खाल्ले तर दुपारच्या आधी भूक लागणारच. दूध, दही, अंडं किंवा सुका मेवा यांपैकी काहीतरी सोबत हवं. हा बदल केल्यापासून माझं मधल्या वेळचं बिस्किट सुटलं, आणि मला वाटतं वजनावर ओट्सपेक्षा त्याचाच जास्त परिणाम झाला.

सुरुवातीचा पंधरवडा मात्र पोटात गॅस धरत होता. तंतूची सवय नसलेल्यांनी २० ग्रॅमपासून सुरू करावं आणि दिवसभर पाणी नीट प्यावं. नंतर पोट सकाळी वेळेवर साफ होऊ लागलं, आणि सगळ्यात आधी जाणवलेला फायदा हाच. एलडीएलही थोडं उतरलं आहे. पण त्याच काळात मी चालायला लागले आणि तळलेलं कमी केलं, तेव्हा सगळं श्रेय ओट्सला देणार नाही. मापाचंही भान ठेवायला हवं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयरोगाबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली, ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन धरून. तेवढं मिळायला ७०-८० ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. एका वाडग्यात ते बसत नाही. म्हणून मी ओट्सचा कोंडा चमचा-दोन चमचे वरून घालते, त्यात बीटा-ग्लुकन जास्त असतं.

खरेदी करताना घटकांची यादी वाचा. तिथे "ओट्स" हा एकच शब्द असायला हवा. फळांची चित्रं असलेल्या चवदार पाकिटांत बहुधा साखर असते, मसालेदार पाकिटांत मीठ बरंच असतं. सीलिअ‍ॅक (ग्लूटेन या गव्हा-जवातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार) असणाऱ्यांनी ग्लूटेनमुक्त असं स्पष्ट छापलेलेच घ्यावेत, कारण साध्या ओट्समध्ये गहू-जवाची भेसळ शेतापासून गिरणीपर्यंत कुठेही होऊ शकते. काहींना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, त्यामुळे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं. ओट्समध्ये इतर धान्यांपेक्षा स्निग्धांश जास्त असतो, म्हणून उघडं पाकीट फार दिवस पडून राहिलं तर खवट होतं. मी लहान पाकीट आणते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ओतते.

एक वैताग अजून सुटलेला नाही: भांडी. वाडगा तासभर तसाच राहिला की कडेला वाळलेला थर डिंकासारखा पक्का बसतो. खाऊन झाल्या झाल्या पाणी ओतून ठेवलं तरच तो सहज निघतो.

सध्या रोज जाड रोल्ड, सुट्टीला स्टील-कट, आणि आठवड्यातून एखादा दिवस ओट्सला पूर्ण रजा. इन्स्टंटचं एक साधं पाकीट प्रवासाच्या बॅगेत असतं, हॉटेलच्या किटलीतलं गरम पाणी त्याला पुरतं.