रामटेक, देवगड की गाविलगड: गड, रान आणि गोल फेऱ्यासाठी नागपूरहून कुठे जावं?

माझी एकच अट असते. ज्या वाटेने चढलो त्याच वाटेने उतरायचं नाही. पुण्या-नाशकाकडे ही अट सहज जमते, कारण तिकडे डोंगराला चार बाजूंनी वाटा. आपल्या नागपूरच्या आसपास मात्र गड शोधावा तर रान नाही, रान शोधावं तर तिथे पायी फिरायची बंदी, आणि दोन्ही मिळालं तर वाट एकच. म्हणून ‘या रविवारी कुठे जाऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: सोबत कोण आहे, आणि सोमवारी सकाळी ऑफिस आहे का?

लहान मुलं किंवा आई-वडील सोबत असतील तर फार डोकं खाजवू नका, रामटेक गाठा. जबलपूर रस्त्याने कामठी, कन्हान, मनसर आणि मनसरला उजवीकडे. पन्नासेक किलोमीटर. गाडी नसली तर एसटी आहे, इतवारीहून रेल्वेही जाते. ‘रामटेकला काय जायचं, तिथे तर दर्शनाला जातात’ असं म्हणणारे बहुतेक गाडीने थेट वर पोचून, नारळ फोडून खाली आलेले असतात. त्यांना टेकडी दिसलेलीच नसते.

गाडी गावातच लावा. गावातून पायऱ्यांनी चढा, गडमंदिर बघा, मग माथ्यावरून पूर्वेकडे जाऊन अंबाळा तलावाकडच्या पायऱ्यांनी उतरा आणि टेकडीच्या पायथ्याने परत गावात या. रमतगमत तीन तास लागतात आणि एकही पाऊल दुसऱ्यांदा त्याच जागी पडत नाही. वराह, सिंहपूर, भैरव, गोकुळ असे दरवाजे ओलांडत आत जाताना लक्षात येतं की हे देऊळ म्हणजे मुळात एक किल्लाच आहे. वाटेतली नरसिंहाची देवळं पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. लाल दगडाचा तो बसका, रुंद नरसिंह बघायला बहुतेक लोक थांबतच नाहीत. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात आली, नवऱ्यामागे मुलं लहान म्हणून तिने स्वतः राज्य चालवलं, आणि तिचा एक ताम्रपट याच रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, देवाच्या पायाशी बसून दिलेला आहे. दीड हजार वर्षांपूर्वी हिशेब ठेवणारी बाई इथे कुठेतरी उभी होती हे मुलांना सांगितलं की पायऱ्या मोजणं थोडा वेळ थांबतं.

रामटेकचं उणं काय? रान खुरटं आहे. झुडपं, मधूनमधून मोठं झाड, बस. ‘जंगलात गेलो’ असं वाटत नाही. आणि वानरं. गेल्या वर्षी आमच्या पोरीच्या पाठपिशवीची चेन एका वानराने ओढून उघडली, हो, फाडली नाही, उघडली. डबा बाजूला सारून चिवड्याचं पाकीट नेमकं काढलं आणि भिंतीवर बसून आमच्याकडे बघत खाल्लं. हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन तर वर जाऊच नका. रामनवमी आणि त्रिपुरी पौर्णिमा हे दोन दिवसही टाळा, जत्रेसाठीच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. दुपार उरली तर नगरधनचा भुईकोट जवळच आहे. चालणं काहीच नाही, पण तिथल्या उत्खननात याच प्रभावतीगुप्ताची मातीची मुद्रा सापडली, म्हणजे सकाळची गोष्ट तिथे पुरी होते.

आता देवगड. हा मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात. सावनेर, सौंसर करत जायचं, अंतर सव्वाशेच्या घरात. सौंसरपर्यंत लोक मराठीच बोलतात, त्यामुळे राज्य बदललं हे पाटीवरूनच कळतं. वाटेत जामसावळीच्या हनुमानाला थांबणारे थांबतात. आम्ही परतताना थांबतो, कारण देवगडला सकाळी लवकर पोचलेलं बरं.

नागपूरकराने देवगड न बघणं म्हणजे आजोळ न बघण्यासारखं आहे. गोंड राजा जाटबा इथला. त्याच्याच वंशातल्या बख्त बुलंद शाहने 1702 च्या सुमारास बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं. पुढे चांद सुलतानाने राजधानी इकडे आणली आणि देवगड मागे पडत गेला. इतकंच नाही, रघूजी भोसल्यांनी देवगड घेतल्यावर रामटेकचं आजचं राममंदिर बांधलं असं सांगतात. म्हणजे रामटेक आणि देवगड या दोन वेगळ्या सहली नाहीतच, एका गोष्टीची दोन टोकं आहेत.

चालायच्या दृष्टीने मात्र देवगड रामटेकच्या अगदी उलट. इथे रान खरं आहे. टेकडी समुद्रसपाटीपासून दोनेक हजार फूट, तिन्ही बाजूंना खोल दरी आणि दरीभर सागवान. पावसाळ्यात सागाचं कोवळं पान हातात चुरडलं की तळहात लाल होतो. पोरं एकमेकांच्या गालाला लावतात आणि ते रक्त बघून नवखी आई घाबरते, हा प्रकार मी दोनदा पाहिलाय. वर नगारखाना, कचेरी, बादल महाल, मोती टाकं. महाल म्हणजे आता कमानी आणि उघड्या भिंती, भिंतीतून उगवलेली झाडं. पण मोती टाक्याच्या काठावर बसलं की एवढ्या उंचीवर पाणी धरून ठेवणाऱ्यांचं कौतुक वाटतं. खाली गावाच्या शिवारात जुन्या बावड्या आहेत. ‘आठशे विहिरी, नऊशे बावड्या’ असं तिथली माणसं सांगतात. मोजायला कोण गेलंय, पण दिसतात त्याही थोड्या नाहीत.

गोची एवढीच की माझी अट इथे अर्धीच पुरी होते. गडावर चढायची रुळलेली वाट एकच. गोल फेरा होतो तो माथ्यावर: दरवाजातून आत, अवशेष बघत तटाच्या कडेने दरीवरून फिरून पुन्हा दरवाजा. तो फेरा सुंदर आहे, पण गवत माजलेलं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर कुसळं मोज्यातून आत शिरतात आणि घरी आल्यावर तासभर चिमट्याने काढत बसावं लागतं. त्या दिवसांत मोज्यावरून जुनी साडीची पट्टी गुंडाळा, हसतील त्यांना हसू द्या. खाण्याचा भरवसा धरू नका, डबा न्या. रामटेकला चहा-पोहे कुठेही मिळतील, देवगडला तेवढ्यासाठी रस्त्यावर परत यावं लागतं. माणशी तीन लिटर पाणी, आणि मार्च ते जून विचारच करू नका. फेब्रुवारीपासून साग पानं टाकतो, सावली संपते, आणि आपल्याकडचं ऊन मी काय सांगायचं.

अंबागडाबद्दल लोक विचारतात म्हणून दोन शब्द. भंडारा जिल्ह्यात, तुमसरजवळ. बख्त बुलंदच्याच काळात, 1700 च्या आसपास, राजखान पठाणाने बांधला, पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना आतल्या विहिरीचं साचलेलं पाणी प्यायला लावत असं म्हणतात. पायऱ्या आहेत, रान आहे, गर्दी नाही. पण चढा, बघा, उतरा. दोन तासांत संपतो. गायमुखाला जाणार असाल तर वाट वाकडी करा, नाहीतर तेवढ्याचसाठी शंभरेक किलोमीटर जाण्यापेक्षा मी देवगडच निवडीन.

उरला गाविलगड. याला एका दिवसात धरू नका. अमरावती, परतवाडा आणि मग चिखलदऱ्याचा घाट, जाण्यातच चार-पाच तास मोडतात. कुणी सकाळी चारला निघून रात्री अकराला परतल्याचं अभिमानाने सांगतं. त्यांनी किल्ला बघितला की गाडीची काच, हे विचारून घ्या. एक रात्र चिखलदऱ्याला काढायची तयारी असेल तर मात्र वरच्या दोन्ही नावांना हा मागे टाकतो. बहमनी अहमदशाहाने 1425 च्या सुमारास बांधलेला, एकात एक दोन किल्ले, मैलोगणती तट, तलाव, पडून असलेल्या तोफा, दरवाजावर कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड. 15 डिसेंबर 1803 ला हा आपल्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली दक्षिणेकडून भिडला, पण खरा घाव उत्तरेकडून बसला. त्याच्या जोडीच्या स्टीव्हन्सनने जड तोफा डोंगरातून ओढत उत्तरेकडच्या लबाडा गावाच्या बाजूला आणल्या होत्या. बाहेरचा तट फुटला तरी आतल्या किल्ल्याचा दरवाजा फुटेना, तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी घळ ओलांडून शिड्यांनी तटावर चढली आणि तिने आतून दार उघडलं. दोनच दिवसांनी भोसले आणि इंग्रजांमध्ये देवगावचा तह झाला. बाहेरच्या आणि आतल्या तटामधल्या त्या घळीत उभं राहून वर बघितलं की शिडी कुठे टेकवली असेल हे शोधायचा चाळा लागतो.

फेरा इथे खराखुरा होतो, दरवाज्यातून शिरून आतल्या किल्ल्याच्या तटाने फिरत अर्धा दिवस. पण हे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे. बाहेर पडायची वेळ फाटकावरच विचारून घ्या, एकट्याने आडवाटेला शिरू नका, म्हातारी माणसं आणि चार वर्षांची पोरं चिखलदऱ्याच्या पॉइंटांवर ठेवा. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून जमलं तर मधल्या वारी जा.

आणि धुक्याचा हिशेब धरा. मागच्या ऑगस्टात आम्ही चौघं मुद्दाम तो पूर्ण फेरा करायला गेलो होतो. दरवाजापर्यंत पोचलो आणि ढग असा उतरला की हातभर अंतरावरचा गंडभेरुंड दिसेना, पुढच्या मित्राची फक्त शिट्टी ऐकू यायची. तटाला कठडा नाही. तासभर कमानीखाली शेंगदाणे खात वाट पाहिली आणि आलो त्याच वाटेने परत उतरलो. आता डिसेंबरचं बघतोय.