डॅशकॅमचं मेमरी कार्ड: एक आठ महिन्यांत संपलं, दुसऱ्याला सात महिने झाले

उभ्या गाडीचा मागचा बंपर कुणीतरी घासून गेलं. जीव जळला, पण डॅशकॅम, म्हणजे गाडीतून सतत रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा, लावलाय म्हणून जरा धीर होता. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, तर शेवटची फाइल १९ दिवसांपूर्वीची! या १९ दिवसांत गाडी सुरू केली की लाल दिवा लुकलुकायचा, स्क्रीनवर सेकंद पळायचे. कार्डावर मात्र काहीही उतरत नव्हतं.

आधी सगळा राग कॅमेऱ्यावर निघाला. मग कार्ड फॉरमॅट केलं. काम झाल्याचा संदेश आला, पण कार्ड काढून पुन्हा घातलं तर जुन्या सगळ्या फाइली जागच्या जागी. तेव्हा कळलं, कार्ड झिजलंय. फ्लॅश मेमरीवर ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतं. ती मर्यादा संपली की बरीच कार्डं फक्त वाचण्यापुरती उरतात.

वॉरंटी बाकी होती म्हणून दुकानात गेले. तिथे मला पाकिटामागची ओळ दाखवली: डॅशकॅम, सीसीटीव्ही अशा सतत रेकॉर्डिंगसाठी वापरल्यास वॉरंटी लागू नाही. अर्धा तास भांडले, हाती काही लागलं नाही. वेगाचा आकडा पुढे ठसठशीत आणि हे मागे मुंगीएवढ्या अक्षरांत, याचा संताप अजून गेलेला नाही.

बरं, तो वेग डॅशकॅमला लागतच नाही. माझ्या कॅमेऱ्याची एका मिनिटाची फाइल साधारण २०० एमबीची, म्हणजे सेकंदाला साडेतीन एमबीसुद्धा नाही. क्लास १० चं कार्ड सेकंदाला किमान १० एमबी लिहितं, व्ही३० चं ३०. पाकिटावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा असतो आणि ए१, ए२ हे शिक्के मोबाइलमधल्या ॲपसाठी. मी त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजले होते.

पाहायला हवा होता तो टिकाऊपणा. पाकिटावर 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं असतं आणि किती तास रेकॉर्डिंग चालेल तेही. ते तास कोणत्या बिटरेटला, म्हणजे सेकंदाला किती डेटा लिहिला जातो त्या हिशेबाने, धरलेत हेसुद्धा बघा. तुमचा कॅमेरा दुप्पट बिटरेटने लिहीत असेल तर तास निम्मेच धरायचे.

इथपर्यंत सगळा दोष मी कार्डाला देत होते. मग हिशेब मांडला. तासाला १२ जीबी. रोजचं ड्रायव्हिंग दोन तास, पण पार्किंग मोड, म्हणजे गाडी उभी असतानाही चालणारं रेकॉर्डिंग, आणखी नऊ तास सलग सुरू होतं. दिवसाला १३२ जीबी, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड रोज दोनदा भरून पुसलं जात होतं. मारलं ते मीच. आता पार्किंगमध्ये टाइमलॅप्स ठेवलाय, म्हणजे सलग व्हिडिओऐवजी थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र.

नवं कार्ड हाय एन्ड्युरन्स, १२८ जीबी. तेवढाच मजकूर दुप्पट जागेत विभागला जातो, म्हणून झीज निम्मी. घेण्याआधी कॅमेऱ्याला कमाल किती जीबी चालतं ते बघितलं. आल्यावर एफ३ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासलं, कारण नकली कार्डं क्षमता खोटी दाखवतात.

सात महिन्यांत एकच तक्रार आणि तीही कार्डाची नाही. कॅमेऱ्यातला धक्का ओळखणारा जी-सेन्सर गतिरोधकावरच्या दणक्यालाही अपघात समजून फाइल लॉक करत होता. लॉक फाइलवर कॅमेरा पुन्हा लिहीत नाही, त्यामुळे महिन्याभरात निम्मं कार्ड अडकलं. संवेदनशीलता 'कमी' केल्यावर ते थांबलं.

लाल दिव्यावर मात्र आता माझा विश्वास नाही. दर रविवारी कार्ड काढून शेवटची फाइल लावून बघते, तारीख आणि पुढच्या गाडीचा नंबर नीट वाचता येतो का ते. महिन्यातून एकदा हवं ते उतरवून घेते आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करते. त्यानंतर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करते आणि जुन्या फाइली परत आल्या नाहीत ना, ते बघूनच निघते.