ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी: शब्दाची जात ओळखायला कितपत उपयोगी?

इंग्रजी शब्दाचा अर्थ हल्ली मोबाइलवर कुठेही मिळतो. तो शब्द नाउन आहे की व्हर्ब, नाउन असेल तर त्याला ‘एस’ लागतो की नाही, हे नेमकं सांगणारी ठिकाणं मात्र थोडी. ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ त्यांतलं सर्वांत भरवशाचं. ए. एस. हॉर्नबी यांनी मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांसाठी हा कोश रचला. १९४२ मध्ये तो जपानमध्ये निघाला, १९४८ पासून ऑक्सफर्ड छापते आणि दहावी आवृत्ती २०२० ची. हे परीक्षण ऑक्सफर्डच्या मोफत वेबसाइटवरच्या कोशाचं आहे.

शब्द टाकला की शेजारीच त्याची जात लिहिलेली दिसते. एकाच शब्दाच्या अनेक जाती असतील तर प्रत्येकीची नोंद वेगळी. ‘राउंड’ अ‍ॅडजेक्टिव्ह, अ‍ॅडव्हर्ब, प्रिपोझिशन, नाउन आणि व्हर्ब असा पाचही रूपांत येतो. पहिली नोंद वाचून थांबलात तर चुकीची जात हाती लागते, म्हणून बाकीच्या नोंदींची यादी आधी पाहून घ्यावी.

खरं मोल आहे ते अर्थाच्या आधी चौकटी कंसात दिलेल्या खुणेत. ‘एक्सपिरियन्स’ उघडा. काम करून मिळवलेलं ज्ञान या अर्थापुढे ‘अनकाउंटेबल’ (मोजता न येणारं) लिहिलंय, तर आयुष्यात घडलेला प्रसंग या अर्थापुढे ‘काउंटेबल’ (मोजता येणारं). नोकरीच्या अर्जात ‘फाइव्ह यर्स ऑफ एक्सपिरियन्सेस’ का चुकतं आणि प्रवासवर्णनात ‘माय एक्सपिरियन्सेस’ का चालतं, याचं उत्तर या दोन खुणांत आहे. काउंटेबल की अनकाउंटेबल हे शब्दावर नाही, अर्थावर ठरतं; शाळेतल्या पाठ करायच्या याद्यांमधून नेमकं हेच निसटतं. ‘कॉफी’ पेय म्हणून अनकाउंटेबल, कपाच्या हिशेबात काउंटेबल; त्यामुळे ‘टू कॉफीज’ बरोबरच. ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’, ‘अ‍ॅडव्हाइस’ यांना मात्र काउंटेबलची खूण कुठेच नाही. तिथे ‘एस’ लावू नये, ‘अ पीस ऑफ’ वापरावं.

अ‍ॅडजेक्टिव्हच्या खुणाही तितक्याच कामाच्या. ‘मेन’पुढे ‘फक्त नाउनच्या आधी’ आणि ‘अस्लीप’पुढे ‘नाउनच्या आधी नाही’ अशा अर्थाची सूचना आहे. म्हणून ‘द बेबी इज अस्लीप’ चालतं, ‘अ‍ॅन अस्लीप बेबी’ नाही.

आता कोश कुठे पुरत नाही ते. शब्द काय काय असू शकतो, एवढं तो सांगतो. समोरच्या वाक्यात काय आहे, ते आपणच ठरवायचं. ‘स्विमिंग’ शोधलं तर नाउनची नोंद उघडते. ती ‘स्विमिंग इज गुड एक्सरसाइज’ या वाक्याला लागू आहे. ‘ही इज स्विमिंग’मध्ये तोच शब्द ‘स्विम’ या व्हर्बचं रूप आहे. अशा वेळी मागे ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ आहे का आणि कर्ता ती क्रिया प्रत्यक्ष करतोय का, हे पाहावं. नुसतं ‘इज’ पाहून ठरवू नका. ‘हिज हॉबी इज स्विमिंग’मध्ये छंद पोहत नाही, म्हणून तिथे ते नाउनच.

‘स्टोन वॉल’मधला ‘स्टोन’ बऱ्याच शालेय पुस्तकांत अ‍ॅडजेक्टिव्ह ठरतो, कारण तो ‘वॉल’बद्दल सांगतो. कोश त्याला नाउनच मानतो. कोशाचं म्हणणं जास्त पटणारं आहे: ‘व्हेरी स्टोन’ किंवा ‘स्टोनर वॉल’ असं कोणी म्हणत नाही. ‘माय’चीही तीच गत, शाळेत पझेसिव्ह अ‍ॅडजेक्टिव्ह, इथे डिटर्मिनर (नाउनच्या आधी येऊन ते कोणतं किंवा कुणाचं हे दाखवणारा शब्द). आठ जातींच्या चौकटीत शिकणाऱ्या मुलांनी परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकात दिलेलं जातीचं नाव लिहावं आणि वाक्यरचना समजून घेताना कोशाचं धरावं. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी सुसंगत आहेत, पण एकाच उत्तरात त्या मिसळल्या की गुण जातात.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट, कलेक्टिव्ह, मटेरियल असे नाउनचे प्रकार कोश सांगत नाही. त्यासाठी व्याकरणाचं पुस्तक हवंच. एका शब्दापासून दुसरा बनवायचा असेल तर निवडक शब्दांखालची ‘वर्ड फॅमिली’ची चौकट बघा, ‘बिलीव्ह’, ‘बिलीफ’, ‘बिलीव्हेबल’ एकत्र मिळतात. चौकट नसेल तर शेजारच्या शब्दांची यादी चाळावी. ‘ब्रेव्ह’वरून ‘ब्रेव्हरी’ अशी सापडते. ‘पुअर’वरून ‘पॉव्हर्टी’ सापडणार नाही, कारण ती यादी स्पेलिंगच्या क्रमाने लावलेली आहे.

साधारण आठवीपासून पुढे हा कोश झेपतो. त्याआधी अर्थांची इंग्रजी वाक्यंच अडतात, तेव्हा शेजारी मराठी अर्थाचा कोश ठेवावा. छापील प्रत घेणार असाल तर तिच्यात काउंटेबल आणि अनकाउंटेबलच्या खुणा ‘सी’ आणि ‘यू’ अशा एकेका अक्षरात आहेत. सुरुवातीची संक्षेपांची यादी वाचल्याशिवाय त्या नजरेतून सुटतात.